मिसप्रिंट नाणी: दुर्मिळ कोणती, मोल कशाला, आणि बनावट ओळखायची कशी?

गुल्लक

नमस्कार मंडळी,

सुट्ट्या पैशांच्या डब्यातली चार नाणी बाजूला काढली आहेत. चारही 'मिसप्रिंट' वाटतात.

१. एक रुपया, ₹ चिन्हाच्या मालिकेतला. छाप एका बाजूला सरकलीय आणि समोरच्या बाजूला कोरी चंद्रकोर राहिलीय. साल आणि टांकसाळीची हिऱ्याची खूण दिसते.
२. पाच रुपये, २००७. पिवळा नाही, पांढरा आहे, आणि लोहचुंबकाला चिकटतो.
३. दहा रुपये. बाहेरच्या कड्यावरचं 'भारत' सरळ धरलं की मधले सिंह डोक्यावर उभे राहतात.
४. दोन रुपये. दोन्ही बाजूंना सिंह. एका बाजूचे नेहमीसारखे उठावाचे, दुसऱ्या बाजूचे खोलगट आणि आरशात दिसावेत तसे उलटे.

ऑनलाइन पाहिलं तर अशा नाण्याला कुणी ५० रुपये मागतो, कुणी ५ लाख. यांतलं खरोखर दुर्मिळ कोणतं आणि किंमत नेमकी कशावर ठरते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

तोळामासा

आधी वजन करा, मग बोलू. वजन न करता नाण्याबद्दल मत देणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा चालणार नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा लागेल. सोबत व्हर्नियर कॅलिपर, १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक साधा लोहचुंबक. एवढ्यावर निम्मी बनावट नाणी तिथल्या तिथे बाद होतात.

प्रमाण वजनं ही घ्या. २०११ च्या ₹ मालिकेतला १ रुपया ३.७९ ग्रॅम, २२ मिमी. २ रुपये ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. निकेल-पितळेचे ५ रुपये ६ ग्रॅम, २३ मिमी. १० रुपये ७.७१ ग्रॅम, २७ मिमी. २० रुपये ८.५४ ग्रॅम, २७ मिमी आणि बारा बाजू. वापरून झिजलेल्या नाण्यात थोडी घट असतेच. पण ३.७९ च्या जागी ३.४ आलं तर ते नाणं कुणीतरी घासलंय, ॲसिडमध्ये बुडवलंय, नाहीतर चकतीच मुळात सदोष आहे.

पेठकर

क्रमांक २ बद्दल लगेच सांगतो: ते मिसप्रिंट नाही. २००७ च्या सुमारास ५ रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलमध्येच काढली होती, ६ ग्रॅम, २३ मिमी. लाटांसारख्या रेघांचं डिझाइन असेल बघा. ती पांढरीच असतात आणि चुंबकाला चिकटणारच. पिवळं निकेल-पितळ नंतर आलं. त्याआधीचं जाड ५ रुपयांचं नाणं कप्रोनिकेलचं (तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं), ९ ग्रॅमचं. तेही पांढरं, पण चुंबकाला दाद देत नाही.

हे नाणं 'चुकीच्या धातूवर छापलेलं' म्हणून सर्रास खपवतात. धातूची चूक शोधायची तर त्या वर्षी ते नाणं कोणत्या धातूत निघायचं हे आधी पाहावं लागतं. रुपयाचंच बघा: १९९१ पर्यंत कप्रोनिकेल, ६ ग्रॅम, २६ मिमी. १९९२ पासून स्टेनलेस स्टील, ४.८५ ग्रॅम, २५ मिमी.

गुल्लक

अरेरे, त्याच नाण्यावर सगळ्यात जास्त आशा होती! वजनकाटा मागवते. तोवर बाकीच्यांबद्दल लिहा.

ठसेकर

चूक कुठल्या टप्प्यावर होते ते कळलं की खरं-खोटं ओळखणं सोपं जातं, म्हणून थोडं लांबण लावतो.

धातूच्या पट्टीतून यंत्र गोल चकत्या पाडतं. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात. मग एका यंत्रात चकतीची कड चारी बाजूंनी दाबून थोडी उचलून घेतात. यानंतर चकती प्रेसमध्ये जाते. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडं, ज्याला कॉलर म्हणतात. वरचा ठसा दाबला की धातू पसरतो, कॉलर त्याला अडवते, आणि दोन्ही बाजूंची छाप नि कड एकाच दाबात तयार होते. मिनिटाला शेकडो नाणी अशी पडतात. प्रत्येक नाणं हातात घेऊन कुणी बघत नाही. आकाराबाहेरची नाणी चाळणीत अडकतात, उरलेली पिशवीत जातात.

चुका तीन घरांतल्या. चकतीच्या, ठशाच्या, दाबाच्या.

चकतीच्या: पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला चावा घेतल्यासारखी खाच पडते. पट्टीचं टोक आलं तर सरळ कापलेली कड मिळते. धातूत मळी राहिली तर पापुद्रा निघतो. दुसऱ्याच नाण्याची चकती वाट चुकून आली तर चुकीच्या चकतीवर छाप बसते. पण लहान चकतीच मोठ्या कॉलरमध्ये बसू शकते, मोठी चकती लहान कॉलरमध्ये शिरत नाही. १० रुपयांच्या चकतीवर १ रुपयाची नीट, पूर्ण गोल छाप कुणी दाखवली तर नमस्कार करून पुढे चालू लागा.

ठशाच्या: ठशाला तडा गेला की नाण्यावर उठावाची रेघ येते. हे पक्कं लक्षात ठेवा: तड्याची रेघ उठावाची, ओरखड्याची खोलगट. ठशाचा कडेचा तुकडाच उडाला तर तिथे नुसता फुगीर गोळा दिसतो. ठसा नीट न बसवता फिरला तर एक बाजू दुसरीच्या मानाने तिरकी येते.

दाबाच्या: चकती कॉलरमध्ये बसण्याआधीच ठसा आला तर छाप सरकते. गुल्लक, तुमचं क्रमांक १ तेच. कॉलरच वर आली नाही तर नाणं पसरट होतं, मध्यावर छाप पण व्यास मोठा. आणि छापलेलं नाणं बाहेर न पडता वरच्या ठशाला चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्या चिकटलेल्या नाण्याची छाप बसते. म्हणजे एका बाजूला खालच्या ठशाची नेहमीची छाप, दुसऱ्या बाजूला तीच छाप खोलगट आणि उलटी. क्रमांक ४ खरं असेल तर हा प्रकार. इंग्रजीत ब्रॉकेज, आपल्याकडचे व्यापारी त्याला लाखी म्हणतात.

स्वरांजली

लाखी नाणं तिजोरीत ठेवलं की बरकत येते असं गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांत मानतात. त्यामुळे त्याला संग्राहकांखेरीज आणखी एक गिऱ्हाईक असतं आणि भाव थोडा चढाच राहतो.

काटा_नि_छापा

म्हणजे आमच्याकडे सगळी सुलट नाणी आहेत म्हणून बरकत नाही होय! :)

भिंगवाला

ठसेकरांनी उत्तम मांडलंय. मी प्रत्येक प्रकाराची नक्कल कशी करतात आणि ती कशी पकडायची ते लिहितो.

खाच: कानशीने घासून किंवा कापून करतात. खऱ्या खाचेच्या बरोबर समोरची कड पाहा. चकतीची कड उचलणाऱ्या यंत्राला दोन्ही बाजूंनी दाब लागतो. एका बाजूला खाच असली की समोरच्या बाजूला दाब बसत नाही, म्हणून तिथली कड पुसट, बसकी येते. शिवाय खऱ्या खाचेजवळची अक्षरं खाचेच्या दिशेने ओढल्यासारखी असतात, कारण छापताना धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहतो. कानशीने केलेल्या खाचेत अक्षर धारदार तुटलेलं दिसतं आणि समोरची कड ठणठणीत असते.

लाखी: दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळली किंवा वर हातोडा मारला की एकावर दुसऱ्याची खोलगट उलटी छाप उमटते. फरक असा की खऱ्या लाखीत त्या बाजूला मूळ डिझाइनचा मागमूसही नसतो, कारण ती बाजू आधी छापलेलीच नव्हती. शिकंज्यातल्या नाण्यावर मूळ आकडा किंवा फुलांची नक्षी चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते आणि पाठीमागच्या बाजूचे उंचवटे सपाट झालेले असतात.

एका बाजूने कोरं: दोन चकत्या एकदम प्रेसमध्ये गेल्या तर प्रत्येकीची एकच बाजू छापली जाते. अशा नाण्याचं वजन पूर्ण भरतं. घासून कोरं केलेलं हलकं असतं आणि भिंगाखाली समांतर रेघा दिसतात.

दोन्ही बाजूंना छापा किंवा दोन्हीकडे काटा: बहुतेक वेळा लेथवर एक नाणं आतून पोखरून त्यात दुसऱ्याची पातळ चकती बसवलेली असते. एका बाजूच्या कडेच्या आतून सांध्याची बारीक गोल रेघ शोधा. फरशीवर टाकलं तर आवाज बद्द येतो.

पिवळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं तांबडं: मुलामा. कडेवरच्या झिजलेल्या जागी खालचा रंग डोकावतो.

दहाच्या नाण्याचा मधला भाग फिरलेला: गुल्लक, तुमच्या क्रमांक ३ ला मी हात लावणार नाही. कडं आणि मधली चकती प्रेसमध्ये सुटी जातात आणि एकाच दाबात जोडली व छापली जातात. सिंह आणि 'भारत' एकाच ठशावर कोरलेले असतात. मग ते एकमेकांच्या मानाने फिरतील कसे? छापून झाल्यावर मधला भाग ठोकून काढला आणि फिरवून बसवला तरच. सांध्यावर भिंग धरा, हत्याराच्या खुणा दिसतील.

पेठकर

भिंगवालांच्या यादीला एक पुरवणी. दहाच्या नाण्यात खरी चूक अशी असते: मधली चकती कड्यात नीट न बसता सरकते आणि कड्यावर चढून चंद्रकोरीसारखी दबते, किंवा मधली चकती येतच नाही आणि कड्यावरच छाप बसते. दुसऱ्या प्रकारात भोकाची आतली कड बघा. दाबाने धातू भोकाकडे सरकून ती थोडी वेडीवाकडी होते. नुसतं ठोकून पोकळ केलेल्या नाण्यात भोक स्वच्छ गोल असतं.

डोंगरवाट

जाता जाता: नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं २०११ च्या नाणे अधिनियमाने गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. 'एरर' बनवण्यासाठी चलनातली नाणी कापणाऱ्यांनी हे वाचावं.

मोडीवाचक

विषयाला थोडी बगल देतो. शिवराईच्या बाबतीत हा 'एरर'चा धंदा फार वाढलाय. 'श्री राजा शिव' यातलं 'श्री' नाही, किंवा 'छत्रपति'मधलं 'ति' नाही, म्हणून दुर्मिळ मिसप्रिंट! अहो, ही नाणी हाताने पाडलेली. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर मावणं हीच दुर्मिळ गोष्ट. मराठ्यांच्या आणि मुघलांच्या रुपयांवरही मजकुराचा काही भाग नेहमीच बाहेर राहतो. कॉलर नव्हती, तर छाप मध्यावर नाही ही चूक कशी म्हणायची?

शिवराईत खरं पाहायचं ते अक्षरांचं वळण, मजकुराची मांडणी, बिंदूंची आणि चिन्हांची जागा. ते ठशांचे प्रकार आहेत आणि त्यांचा अभ्यास होतो. मात्र हाती पाडलेल्या नाण्यांतही लाखी सापडते आणि ती खरी चूक. ठोकणाऱ्याने आधीचं नाणं वरच्या ठशातून काढलं नाही की झालं. रोमन दिनारांपासून हा प्रकार दिसतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, संग्रहालयही आहे. शिवराई आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांची ज्याला ओढ आहे त्याने तिथे जाऊन यावं.

बाणकोट

@मोडीवाचक, पटलं. पण मला या आधुनिक मिसप्रिंटचं वेडच समजत नाही. टांकसाळीत जे बाद व्हायला हवं होतं ते चुकून बाहेर आलं. त्यात इतिहास काय?

ठसेकर

@बाणकोट, इतिहास तंत्राचा. टांकसाळीची सगळी रीत एका सदोष नाण्यात उघडी पडते. सुबक नाण्यावरून कॉलर होती हे कळतसुद्धा नाही. पसरलेलं, कड नसलेलं नाणं हातात आलं की ती काय काम करत होती ते दिसतं. माझ्या मते यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

बाणकोट

असं पाहिलं नव्हतं. बरं, मग १९११ चा तो डुकराचा रुपया तुमच्या कोणत्या घरात?

ठसेकर

कुठल्याच नाही. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड आले की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. टांकसाळीने ठरवलेलं डिझाइनच तसं होतं, म्हणजे प्रेसने चूक केलेली नाही. तो रुपया महाग आहे तो कमी प्रमाणात बाहेर राहिल्यामुळे आणि गोष्टीमुळे.

स्वरांजली

मूळ प्रश्नाकडे येऊ, किंमत.

दुर्मिळ असणं आणि महाग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकलेल्या छापेचं प्रत्येक नाणं तसं एकमेव. तेवढ्याच कोनात, तेवढंच सरकलेलं दुसरं मिळणार नाही. म्हणून प्रत्येक जण 'जगात एकच' म्हणून विकतो. पण घेणारा त्या एका नाण्याला नव्हे, त्या प्रकाराला पैसे देतो, आणि सरकलेल्या छापेचे रुपये बाजारात पुष्कळ आहेत.

उलट उदाहरण ब्रिटनचं. २००८ मध्ये २० पेन्सच्या नाण्याचं डिझाइन बदललं आणि साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेलं. जुन्या राणीच्या बाजूचा ठसा नव्या मागच्या बाजूबरोबर लागला आणि साल नसलेलं नाणं बाहेर पडलं. टांकसाळीच्या अंदाजाने ५० हजार ते २ लाख नाणी. म्हणजे दुर्मिळ म्हणावं असं नाही. तरीही ते दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकलं जातं, कारण चूक सगळ्यांना ठाऊक आहे, ओळखायला सोपी आहे आणि आपल्या संग्रहात ते एक असावं असं हजारोंना वाटतं. अमेरिकेच्या १९५५ च्या दुहेरी ठशाच्या सेंटचंही तेच. वीस-चोवीस हजार बाहेर आले आणि आजही मागणी आहे.

आपल्या नाण्यांत अशी यादीत बसलेली, नाव मिळालेली चूक विरळा. त्यामुळे प्रत्येक सौदा नव्याने घासाघीस करून होतो.

तोळामासा

+१. मी भाव बघताना हा क्रम धरतो: चूक लांबून दिसते का, साल आणि टांकसाळीची खूण शाबूत आहे का, नाणं न वापरलेलं आहे का, आणि मूल्य मोठं आहे का. छाप निम्मी सरकलेली आणि तरी साल दिसतंय, तर उत्तम. पाच-दहा टक्के सरकलेल्या रुपयाला शे-दोनशेच्या वर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा-पंधरा अंश फिरलेल्या ठशाला तर दर्शनी किंमत पुरे. १८० अंश फिरलेला असेल तर बघू.

फिरलेला ठसा तपासायची रीत: आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांत दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात. सिंह सरळ धरून पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटा, मागचा आकडा सरळ दिसला पाहिजे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजा: आकडा ३ वर असेल तर ९० अंश, ६ वर असेल तर १८०.

डोंगरवाट

'डबल डाय' म्हणून जी भारतीय नाणी विकतात त्यांचं काय? अक्षरं दुहेरी दिसतात खरी.

भिंगवाला

बहुतेक वेळा ते दाबानंतर ठसा हलल्यामुळे आलेलं दुहेरीपण असतं. अक्षराच्या शेजारी सपाट, पायरीसारखा पट्टा दिसतो आणि मूळ अक्षर बारीक होतं. त्याला मोल नाही, पोतंभर सापडेल. खरा दुहेरी ठसा म्हणजे ठसा तयार करतानाच डिझाइन त्यावर दोनदा बसलेलं. तिथे दोन्ही प्रतिमा गोलाईदार, पूर्ण उंचीच्या असतात आणि अक्षरांची टोकं फाटल्यासारखी दुभंगतात. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तीच खूण हुबेहूब येते, म्हणून दुसरा नमुना दाखवा असं विकणाऱ्याला सांगावं.

पेठकर

अजून एक सापळा, टांकसाळीची खूण 'गायब'. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब, कोलकात्याची काहीच नाही. ठशाच्या खाचेत ग्रीस आणि धातूचा कीस भरला की तेवढा भाग उमटत नाही. मुंबईच्या रुपयावरचा हिरा असा भरला तर तो कोलकात्याचा म्हणून खपतो, आणि कोलकात्याचा साधा रुपया 'हिरा नसलेला मुंबईचा' म्हणून. भिंगाखाली खुणेच्या जागी पुसटसा उंचवटा आहे का ते बघा. अंकांची जाडी त्याच वर्षाच्या दोन्ही टांकसाळींच्या नाण्यांशी ताडून पाहा. काहीच ठरत नसेल तर ते नाणं कोलकात्याचं समजा.

अंक पुसट म्हणजे ग्रीस. अंकाच्या जागी चमक आणि ओरखडे म्हणजे कुणीतरी खरवडलंय.

काटा_नि_छापा

वैष्णोदेवीचं नाणं असेल तर पाच लाख मिळतात असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर नवरात्रात येतं. आमच्या इमारतीत त्या हिशेबाने चार लक्षाधीश आहेत. :)

स्वरांजली

वैष्णोदेवी देवस्थान मंडळाची ५ आणि १० रुपयांची २०१२ ची नाणी चलनासाठीच काढली होती, आजही हातात येतात. १९८५ च्या रुपयावर सालाखाली 'एच' आहे म्हणूनही अडीच लाख सांगतात. तो बर्मिंगहॅमहून पाडून आणलेला रुपया, त्यात चूक काहीच नाही. ५ लाखांना 'विकत घेतो' म्हणणारा आधी नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग कमिशन मागतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवतो. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की ती अशा व्यवहारात नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याकडून कुणी आधी पैसे मागितले की संवाद तिथेच थांबवा.

डोंगरवाट

आणि दहाच्या नाण्यावर दहा रेघा की पंधरा, यावरून दुकानदार अजून वाद घालतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही डिझाइन चालतात असं सांगितलंय. वेगळं डिझाइन म्हणजे मिसप्रिंटही नाही आणि बनावटही नाही.

बाणकोट

एनजीसी किंवा पीसीजीएस या परदेशी नाणे-तपासणी संस्थांकडून नाणं तपासून डबीबंद करून घेतलं तर भाव वाढतो ना? मग सगळ्यांनी तेच करावं.

तोळामासा

मला पटत नाही. तपासणी शुल्क, परदेशी टपाल, विमा धरून जो खर्च येतो तो साध्या सरकलेल्या रुपयाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. डबी चांगली दिसेल, पण वसुली होणार नाही.

भिंगवाला

किरकोळ नाण्यांपुरतं तुमचं बरोबर. पण चुकीच्या धातूचं नाणं, दोन वेगळ्या मूल्यांचे ठसे जुळलेलं नाणं, किंवा स्वच्छ लाखी असेल तर प्रमाणपत्राशिवाय मोठा खरेदीदार हात लावत नाही. अमेरिकेचा १९४३ चा सेंट आठवा. युद्धामुळे तांबं वाचवायला त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट काढले, पण काही तांब्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या. डेन्व्हर टांकसाळीचा तसा एक सेंट २०१० मध्ये १७ लाख डॉलरला गेला. त्याबरोबर तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी सेंट किती विकले गेले असतील! चुंबकाने ते पकडता येतात, तरी लोक फसतात. अशा ठिकाणी तटस्थ तपासणी हवीच.

तोळामासा

त्या दर्जाच्या नाण्याला मान्य. पण आधी पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात दोन-तीन अनुभवी लोकांना नाणं दाखवा आणि मगच खर्चात पडा.

गुल्लक

काटा आला! क्र. १: ३.७७ ग्रॅम, व्यास एका दिशेने २२, दुसऱ्या दिशेने २३ च्या पुढे. क्र. २: ५.९८. क्र. ३: ७.६९, आणि भिंगवाला म्हणाले तसे सांध्यावर तीन ठिकाणी चेपल्याचे डाग आहेत. क्र. ४: ४.८४ ग्रॅम, २५ मिमी. खोलगट बाजूला दुसरं काहीही दिसत नाही, कुठलाही आकडा नाही, आणि उठावाच्या बाजूचे सिंह टवटवीत आहेत. सिंहांच्या खालचं 'सत्यमेव जयते' खोलगट बाजूला उलटं वाचता येतं.

ठसेकर

क्र. १ अस्सल. वजन पूर्ण आणि व्यास एका दिशेने वाढलेला, म्हणजे चकतीचा एक भाग कॉलरबाहेर होता. कोऱ्या चंद्रकोरीवर चकतीची मूळ उचललेली कड दिसायला हवी, तेवढी बघून घ्या. क्र. ३ वापरून टाका.

क्र. ४ ची मात्र नीट काळजी घ्या. व्यास वाढलेला नाही, खोलगट छाप स्पष्ट आहे. म्हणजे आधीचं नाणं चिकटल्यावर लगेच पडलेलं हे नाणं असावं. जितकी जास्त नाणी त्या चिकटलेल्या नाण्याखाली छापली जातात तितकी त्याची छाप पसरून विस्कटते, म्हणून सुरुवातीच्या लाखीला जास्त मोल.

पेठकर

एक प्रश्न. याला २ रुपये कशावरून म्हणता? दोन्ही बाजूंना सिंहच आहेत, मूल्य लिहिलेलंच नाही. ४.८५ ग्रॅम, २५ मिमी, स्टेनलेस स्टील हे माप १९९२ नंतरच्या एक रुपयाचंही आहे.

ठसेकर

अचूक पकडलंत! गुल्लक, १९९२ ते २००४ मधला एक रुपया आणि ₹ मालिकेतले दोन रुपये, दोन्ही न झिजलेले शोधा. सिंहांचा आकार, 'भारत' आणि 'इंडिया' या अक्षरांचं वळण व कडेपासूनचं अंतर, आणि नाण्याची कड, हे तिन्ही नाणी शेजारी ठेवून ताडा. विकायला काढण्याआधी हे ठरायलाच हवं, कारण जाणकार खरेदीदार पहिला प्रश्न हाच विचारेल.

स्वरांजली

आणि तोवर ते पुसू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीही नको. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर चढतो. मायलर खिडकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवा, कडेने धरा.

गुल्लक

दोन्ही नाणी मिळाली. अक्षरांचं वळण एक रुपयाशी जुळतंय असं वाटतं, दोन रुपयांवर अक्षरं वेगळ्या ठेवणीची आहेत. फोटो टाकू का?

पेठकर

टाका. तिन्ही नाणी एकाच चौकटीत, एकाच उजेडात, दिवा बाजूने तिरका धरून; फ्लॅश नको. खोलगट छाप फोटोत कधी कधी उठावाची भासते, म्हणून दिवा डावीकडे आणि उजवीकडे ठेवून दोन फोटो घ्या. एक फोटो कडेचा, आणि एक काट्यावर ठेवलेला, आकडा दिसेल असा.